नागपूर, पश्चिमेच्या खिडक्या : डबल ग्लास लावू का? भाऊ तर ट्रिपल म्हणतोय

वर्धारोडकर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. नागपूरला वर्धा रोडपासून थोडं आत आमचा टू बीएचके आहे, बिल्डिंगला बारा वर्षं झाली, बिल्डरने तेव्हा लावलेल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आता पार गेल्यात. रोलर झिजलेत, पल्ला सरकवला की असा किंचाळतो की खालून जाणारा माणूस वर बघतो, आणि दोन पल्ल्यांच्या मधल्या फटीतून मे महिन्यात झळ आत येते ती वेगळीच. हॉल आणि बाबांची बेडरूम, दोन्हीकडे खिडकी बरोब्बर पश्चिमेला, साइझ ६ बाय ४ फूट. दुपारी चारला काचेला हात लावला तर गरम चहाचा ग्लास धरल्यासारखं होतं. बाबा ७८ चे आहेत, दुपारी तिथेच पडतात, दीड टनाचा एसी २४ वर ठेवला तरी संध्याकाळी सातपर्यंत खोली २९ च्या खाली येत नाही, एसी आपला बिचारा चालूच.

तर आता खिडक्या बदलायच्याच आहेत. कोटेशन आलंय ते असं: यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकची चौकट) स्लायडिंग, साधी ५ एमएम काच ५८० रुपये स्क्वेअर फूट, तीच डबल ग्लासमध्ये ९८०. विकणारा म्हणतो डबल ग्लासने ७० ते ८० टक्के उष्णता थांबते, बिल निम्मं होईल. भाऊ टोरांटोला असतो, तो म्हणतो डबल काय घेतोस, ट्रिपल घे, इकडे तर सगळे तेच लावतात. दोन खिडक्यांचे मिळून डबलसाठी १९,२०० जास्त जातायत, ते जाऊ देत, पण उपयोग होणार का? कोणी लावलंय का नागपूर-अकोला-चंद्रपूर साइडला?

संत्राबर्फी
काय राजेहो, ट्रिपल ग्लास? मे २०२४ मधी त्या ऑटोमॅटिक स्टेशनचा सेन्सर बिघडून नागपुरात ५६ दाखवलं होतं, त्या हिशोबाने चाललं का हे? 😄 आमच्या घरी तं ग्रीलले हिरवी नेट बांधली बाहेरून, मार्चमधी बांधाची, पाणी पडलं का काढाची. झालं.

टनभर_थंडी
वरच्यांनी गंमतीत लिहिलंय पण उत्तर जवळपास तेच आहे. मी एसी डिझाइनच्या लाइनमध्ये १६ वर्षं आहे, थोडं गणित करून दाखवतो, कंटाळा आला तर शेवटचा पॅरा वाचा.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी येते. एक, बाहेर गरम आत थंड म्हणून काचेतून झिरपते. हिचा आकडा म्हणजे यू व्हॅल्यू. साध्या एकेरी काचेचा ५.७ च्या आसपास, मध्ये १२ एमएम हवा असलेल्या साध्या डबल ग्लासचा २.८ च्या आसपास, म्हणजे निम्मा. दुसरी वाट म्हणजे ऊन थेट काचेतून आत येऊन फरशीवर, गादीवर पडतं आणि तिथे उष्णता होते. हिचा आकडा एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हापैकी किती वाटा आत येतो. एकेरी साध्या काचेत ०.८२ च्या आसपास, आणि साध्या डबल ग्लासमध्ये? ०.७. बघा, इथे काहीच फारसं झालं नाही. दोन काचा असल्या तरी दोन्ही पारदर्शकच ना, ऊन दोन्हीतून आरामात येणार.

आता तुमची खिडकी घ्या. ६ बाय ४ म्हणजे २.२ चौरस मीटर. बाहेर ४५, आत २६, फरक १९. झिरपणारी उष्णता एकेरी काचेतून ५.७ × २.२ × १९ म्हणजे साधारण २४० वॅट. डबल केली तर ११७. वाचले १२० वॅट. आणि ऊन? मे महिन्यात चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरमागे ६०० वॅट धरा, एकेरीतून आत येणार १०८० वॅट, साध्या डबलमधून ९२०. म्हणजे खोली तापवायची एक हजार वॅटची शेगडी बाबांच्या बेडरूममध्ये चालू आहे, आणि आपण तिच्याकडे पाठ करून दाराखालची फट बुजवतोय.

थंड देशात ऊन आत आलं तर लोक खूश होतात, त्यांची लढाई यू व्हॅल्यूशी. आपली एसएचजीसीशी. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, बीईईने (एसीला स्टार देणारी सरकारी संस्था) २०१८ साली घरांसाठी ईको निवास संहिता काढली तिच्यात पण थंड हवामानासाठी मर्यादा यू व्हॅल्यूवर दिलीय, आणि बाकी सगळ्या देशासाठी आरईटीव्ही नावाच्या आकड्यावर, जास्तीत जास्त १५ वॅट प्रति चौरस मीटर, आणि त्या आकड्यात भिंतीतून झिरपणाऱ्या उष्णतेबरोबर काचेतून येणारं ऊन धरलेलं असतं.

बिल निम्मं होईल हे विसरा. साध्या डबल ग्लासने दिवसाला एका खिडकीमागे फार तर एक-सव्वा युनिट उष्णता कमी आत येईल, ती उपसायला एसीला साधारण त्याच्या साडेतीनाव्या हिश्श्याएवढी वीज लागते. दोन खिडक्या, उन्हाळ्याचे ९० दिवस, सगळं धरून ६०-६५ युनिट. दहा रुपयांनी ६५० रुपये वर्षाला. १९,२०० वसूल व्हायला किती वर्षं ते तुम्हीच काढा, तोपर्यंत काचेमधलं सीलही टिकणार नाही.

वर्धारोडकर
बाप रे. विकणाऱ्याला विचारलं आत्ता फोन करून, एसएचजीसी किती तुमच्या काचेचा, तर म्हणे "साहेब ते जीएसटी धरूनच आहे."

एक शंका, जाड पडदे लावलेत आम्ही, ब्लॅकआउटवाले, गडद मरून. ते ऊन अडवतायत ना? म्हणजे ती शेगडी आधीच बंद नाही का झाली?

टनभर_थंडी
😂 जीएसटीवाला किस्सा ऑफिसात सांगणार मी.

पडदा आतून आहे हीच अडचण. ऊन काच ओलांडून आत आलंच, पडद्यावर पडलं, पडदा तापला, आता तो खोलीतच गरम होऊन लटकतोय. गडद रंगाचा असेल तर अजूनच. चारला पडद्याच्या मागे हात घालून बघा, काच आणि पडदा यांच्यामध्ये, भट्टी असते. पांढरा किंवा मागून चंदेरी अस्तराचा पडदा थोडं ऊन परत बाहेर फेकतो, तेवढाच फायदा. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर.

काचवाला_संभाजीनगर
माझा धंदाच यूपीव्हीसी आणि ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनचा आहे त्यामुळे आधीच सांगतो, माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या. वरच्या साहेबांचं गणित बरोबर आहे पण डबल ग्लास म्हणजे सगळे एकच नसतात हे पण सांगायला पाहिजे होतं.

लो-ई म्हणून काच येते, तिच्यावर चांदीचा अगदी पातळ थर असतो, डोळ्याला दिसत नाही. त्यात सोलार कंट्रोलवाली लो-ई घेऊन डबल केली तर एसएचजीसी ०.२५ ते ०.३५ पर्यंत खाली येतो आणि यू पण पावणेदोनच्या आसपास. म्हणजे तुमच्या खिडकीचे १०८० वॅट ४०० वर. हा मोठा फरक आहे. पण दर बाराशे-पंधराशेच्या पुढे जातो आणि बरेच जण साधी डबल काच लावून लो-ईचे पैसे घेतात कारण गिऱ्हाइकाला ओळखू येत नाही. ओळखायची युक्ती सांगतो: रात्री खोलीतला लाइट बंद करा, लायटर पेटवून काचेजवळ धरा, तिरकं बघा. दोन काचा म्हणजे चार पृष्ठभाग, ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. लो-ई असेल तर चारपैकी एकाचा रंग वेगळा, जरा गुलाबी नाहीतर हिरवट दिसतो. चारी सारखी असली तर तुम्हाला फसवलं. आपल्याकडे हा थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला पाहिजे, म्हणजे बाहेरून मोजत आलं तर दोन नंबरचा पृष्ठभाग. उलटं बसवलेलं पण मी बघितलंय.

कोटेशनवर नुसतं "डबल ग्लास" लिहून घेऊ नका. ५ + १२ + ५ (एमएममध्ये काच, मधली हवा, काच), टफन म्हणजे तापवून कडक केलेली, काचेचा मेक आणि कोड नंबर, यू, एसएचजीसी आणि व्हीएलटी म्हणजे उजेड किती येतो तो आकडा, असं सगळं लिहून मागा. मोठ्या काच कंपन्यांची प्रत्येक काचेची डेटाशीट असते, कोड टाकला की मिळते. टफनवर कोपऱ्यात शिक्का असतो तो बघा.

आणि तुमच्या केसमध्ये मला काचेपेक्षा "स्लायडिंग" हा शब्द जास्त खटकला. स्लायडिंगमध्ये पल्ला सरकायला जागा लागते, तिथे ब्रश असतो, ब्रशमधून वारा येणारच, धूळ येणार, झळ येणार. उघडणारी खिडकी, म्हणजे बिजागरीची, ती बंद केली की रबर गॅस्केटवर चारी बाजूंनी दाबून बसते. फटीतली झळ तुमची जी तक्रार आहे ती तिने जाईल. फक्त ग्रील कुठल्या बाजूला आहे त्यावर अवलंबून, बाहेर ग्रील असेल तर पल्ला आत उघडावा लागतो, मग पडदा, जाळी सगळं अडतं. यूपीव्हीसीच्या पोटात गॅल्व्हनाइझ्ड स्टीलची पट्टी आहे का ते विचारा, नसली तर विदर्भाच्या उन्हात मोठा पल्ला दोन वर्षांत वाकतो आणि मग लॉक लागत नाही.

घोडबंदरची_मी
मी ठाण्यातली, उन्हासाठी नाही तर आवाजासाठी लावली होती डबल ग्लास, घोडबंदर रोडवर राहतो, रात्री दोनला कंटेनर गेला की देवघरातली समई थरथरते. माझा अनुभव लिहिते कारण कोणीतरी मला तेव्हा सांगायला हवं होतं.

आम्ही नाव नाही घेत पण एका ओळखीच्याच माणसाकडून करून घेतली, स्वस्त पडली म्हणून. पहिल्या पावसाळ्यात छान. दुसऱ्या पावसाळ्यात एक दिवस सकाळी बघते तर काच धूसर, पुसली, बाहेरून पुसली, आतून पुसली, जाईचना. मग लक्षात आलं की धुकं दोन काचांच्या मध्ये आहे! सासूबाई म्हणाल्या खिडकीला मोतीबिंदू झाला. आता ती काच तशीच आहे, ऊन पडलं की आत पाण्याचे ओघळ दिसतात, आणि तो माणूस म्हणतो हे पाच टक्के लोकांना होतंच. काचवाले दादा, हे का होतं?

आणि आवाज कमी झाला का, तर हो झाला, पण फोनवर ऐकू येईल इतपतच. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधून येणारा आवाज तसाच.

काचवाला_संभाजीनगर
ताई, दोन काचांच्या मध्ये कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, स्पेसर. तिच्या पोटात दाणे भरलेले असतात, औषधाच्या बाटलीत ओल धरायला पुडी टाकतात ना त्याच जातीचे. ते मधल्या हवेतली ओल शोषतात. बाहेरून दोन सील असतात, आधी ब्युटाइलचं, मग त्यावर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचं. मशीनवर केलेलं असेल तर वर्षानुवर्षं चालतं. गल्लीत दोन काचा घेऊन नुसतं सिलिकॉन मारून चिकटवलं तर दाणे एका पावसाळ्यात भरतात आणि मग मोतीबिंदू. ऑपरेशन नाही त्याला, काचच बदलायची. चौकट तीच राहते, फक्त पट्टी काढून नवीन युनिट बसवतात, त्यामुळे अख्खी खिडकी बदलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि आवाजासाठी दोन काचांपैकी एक तरी लॅमिनेटेड घ्या, मधल्या प्लॅस्टिकच्या थराने कंपन मरतं. दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नका.

म्युनिकचा_मन्या
भावाला नावं ठेवू नका 🙂 तो त्याच्या जागी बरोबर आहे. इथे जानेवारीत बाहेर उणे दहा, आत वीस, म्हणजे फरक तीसचा, आणि तो दिवसरात्र, पाच-सहा महिने. तुमच्याकडे एकोणीसचा फरक दुपारचे काही तास. त्यामुळे ट्रिपल ग्लासचे पैसे इथे वसूल होतात, नागपुरात नाही. आमची काच तर ऊन मुद्दाम आत घेणारी असते, हिवाळ्यात फुकटचा हीटर.

पण इथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जर्मनीत बऱ्याच घरांना खिडकीच्या बाहेरून रोलाडेन असतं, आपल्या दुकानाच्या शटरसारखं पट्ट्यापट्ट्यांचं. जुलैत तापलं की लोक सकाळीच ते खाली ओढून कामाला जातात, एसी घरात नसतोच बहुतेकांकडे. मी पहिल्या वर्षी "काय अंधार करून बसतात" म्हणून ते वरच ठेवलं आणि घामाने नुसता निथळलो. शेजारच्या आजीबाईंनी येऊन हाताने खूण करून दाखवलं, खाली ओढ म्हणून. विदर्भातून येऊन हे मला जर्मन आजीने शिकवावं!

कूलरवाल्या_काकू
अरे पण कोणी हे विचारलंच नाही की घरात कूलर चालतो का? आम्ही धंतोलीला, आमच्याकडे एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा कूलरच, एसी फक्त रात्री. कूलरला एक खिडकी उघडी लागते, नाहीतर आत दमट होऊन अंग चिकचिक करतं. हवा आत आली तर बाहेर जायला पाहिजे ना. आमच्या पुतण्याने सगळ्या खिडक्या हवाबंद करून घेतल्या, गॅस्केट का काय ते, आणि मग म्हणतो काकू कूलर काम करत नाही. करेल कसा! तेव्हा आधी ठरव, बाबांच्या खोलीत एसी की कूलर, मग खिडकी घे.

आणि बाळा, ऊन चारचं आहे तर वरच्या छज्ज्याचा उपयोग नाही बरं. तिरपं येतं ते. २६ मेला आपल्याकडे शून्य सावली असते, दुपारी डोक्यावर ऊन तेव्हा छज्जा चांगला, पण पश्चिमेला खाली उतरलेलं ऊन छज्ज्याच्या खालून सरळ पलंगावर. त्याला उभी आडोशाचीच वस्तू पाहिजे. आमच्याकडे पूर्वी वाळ्याची ताटी असायची, पाणी मारलं की घरभर वास. आता बांबूची चिक लावतो बाहेरून, गुंडाळता येते.

वर्धारोडकर
काकू, कूलर हॉलमध्ये चालतो, बाबांच्या खोलीत एसीच. बरं झालं विचारलं, म्हणजे हॉलला स्लायडिंगच ठेवतो जाळीसकट आणि बेडरूमला उघडणारी करतो.

काल संध्याकाळी प्रयोग केला. बायकोने लोणच्याच्या बरण्या झाकायची जुनी पांढरी चादर दिली, ती बाहेरून ग्रीलला चिमटे लावून बांधली, अर्ध्याच खिडकीवर. साडेचारला आतून हात लावला, चादरीमागची काच कोमट, उघडी काच तशीच चटका देणारी. बाबा म्हणाले, "हे तर आम्ही इतवारीच्या घरी गोणपाट ओलं करून करत होतो, तुला यूट्यूब लागलं." यूट्यूब नाही म्हटलं, इथे लोकांनी सांगितलं.

पण एक विचारायचंय, चादर लावूनसुद्धा सात वाजता खोली २८ होती. म्हणजे एकच डिग्री उतरली. अजून काय राहिलं?

टनभर_थंडी
मजला कुठला तुमचा?

वर्धारोडकर
सहावा. शेवटचा. वर गच्ची.

टनभर_थंडी
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं!! 🤦

गच्ची दिवसभर तापून साठ-पासष्टला जाते. उघड्या आरसीसी स्लॅबचा यू साडेतीनच्या आसपास, बेडरूम १० बाय १२ म्हणजे ११ चौरस मीटर. ६५ वजा २६ गुणिले ३.५ गुणिले ११, दीड हजार वॅट. म्हणजे खिडकीतल्या शेगडीपेक्षा मोठी शेगडी डोक्यावर आहे, आणि स्लॅब जाड असल्यामुळे ती उष्णता उशिरा खाली उतरते, म्हणून सात वाजता ऊन गेल्यावरसुद्धा खोली गरम. त्याच संहितेत छपरासाठी मर्यादा १.२ आहे, तुमचं तिप्पट.

खिडकीच्या १९,२०० मधून गच्ची करा. सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट, सोसायटी परवानगी देईल, गळतीला पण मदत होते. कोट घासून धुतलेल्या कोरड्या गच्चीवर, दोन हात, आणि दर उन्हाळ्याआधी धूळ धुवायची नाहीतर पांढऱ्याचं करडं होतं आणि उपयोग संपला. बजेट असेल तर वरून चायना मोझेक, म्हणजे पांढऱ्या टाइलचे तुकडे. खिडकी म्हणाल तर: साधी एकेरी टफन काच, चांगली उघडणारी चौकट, बाहेरून चिक किंवा नेट. डबल ग्लास घ्यायचीच तर लो-ई, नाहीतर नको.

संत्राबर्फी
म्हणजे नेटच नं शेवटी. मी तं पहिलेच सांगतलं.

काचवाला_संभाजीनगर
हो हो नेटच 😄 फक्त फिल्म चिकटवू नका कोणी सांगितली तर, निदान जुन्या काचेवर तरी नको. गडद फिल्म ऊन काचेतच जिरवते, काच मध्ये तापते, चौकटीत दबलेली कड गार राहते आणि कडेपासून तडा जातो. टफनला तेवढी भीती नाही.

वर्धारोडकर दादा, बेडरूमचं ग्रील बाहेरून आहे ना? भिंतीच्या कडेपासून किती इंच बाहेर निघालंय ते मोजून सांगा आणि एक फोटो टाका, चिकचा रूळ आत बसतो का बघू. सहा इंच असेल तर बसेल.

वर्धारोडकर
मोजलं, साडेपाच. फोटो रात्री टाकतो, आत्ता सेक्रेटरींकडे चाललोय गच्चीच्या कोटचं विचारायला. त्यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे बघू.